अहिल्याताई रांगणेकर

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाल्याची वार्ता पुण्यात पोहोचली आणि फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थिनींचा निषेध रस्त्यावर आला. त्यांच्या अग्रभागी वीस वर्षांच्या अहिल्या रणदिवे होत्या. मुलींनी शिकावे, एवढे पुण्याने तोवर मान्य केले होते. त्यांनी पुढारीपण करावे, हे पचनी पडायचे होते!

८ जुलै १९२२ रोजी पुण्यात जन्मलेल्या अहिल्याताई म्हणजे कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे यांच्या धाकट्या भगिनी. निषेधाची परिणती अटकेत झाली. येरवड्याच्या तुरुंगात या बंदिवान मुली स्वस्थ बसल्या नाहीत. साड्यांच्या कापडातून त्यांनी तिरंगा शिवला, एकमेकींच्या खांद्यांवर चढून मनोरा रचला आणि तुरुंगाच्या भिंतीवर तो फडकविला. फर्ग्युसन मात्र सुटले ते सुटलेच. उरलेले शिक्षण त्यांनी मुंबईच्या रुईया महाविद्यालयात पुरे केले.

१९४३ मध्ये परळ महिला संघ उभा राहिला आणि विद्यार्थिनींची पुढारी कामगार स्त्रियांत मिसळली. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा देताना परळ भागात गोळीबार झाला. सहकारी कमल दोंदे जागीच गेल्या. भगिनी कुसुम यांच्या पायात गोळी शिरली. अहिल्याताई बचावल्या.

पुढे मुंबई महानगरपालिका, १९७७ मध्ये लोकसभा, १९८३ पासून तीन वर्षे मार्क्सवादी पक्षाचे राज्य सचिवपद अशी पदे त्यांच्याकडे आली. १९ एप्रिल २००९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.