पाण्याखालचा पहिला श्वास

माणसाने वाळवंटे ओलांडली, हिमशिखरे सर केली, आकाशातही भराऱ्या मारल्या; परंतु समुद्राचा तळ त्याला दीर्घकाळ परकाच राहिला. पाणबुडे पूर्वीही होते. पण ते एक तर श्वास कोंडून थोडा वेळ बुडी मारीत, किंवा डोक्यावर तांब्याचे अवजड शिरस्त्राण आणि पायांत शिशाचे जोडे घालून तळाशी उतरत. वरच्या नौकेतून त्यांना रबरी नळीने हवा मिळे. त्या नळीने जणू ते नौकेला जखडलेलेच असत. हे बंधन तोडून माशासारखे मोकळेपणाने पोहावे, असा ध्यास ज्यांनी घेतला, त्यांत झाक कूस्तो यांचे नाव ठळक आहे.

कूस्तो यांचा जन्म फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या एका लहान गावी ११ जून १९१० रोजी झाला. तरुणपणी ते फ्रान्सच्या आरमारात दाखल झाले. वैमानिक व्हावे ही त्यांची मनीषा होती, आणि त्यासाठी शिक्षणही चालू होते. पण १९३६ मध्ये एका भीषण मोटार-अपघातात त्यांच्या हातांची हाडे मोडली. वैमानिक होण्याचे स्वप्न तेथेच भंगले.

दुबळ्या हातांत बळ यावे म्हणून ते तुलाँ बंदराजवळ भूमध्य समुद्रात रोज पोहू लागले. त्यांच्या एका मित्राने त्यांना पाण्यात वापरण्याचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्यात डोके घातले मात्र, त्यांच्यापुढे एक नवेच जग उलगडले! खडकांवर डोलणारी हिरवी-तपकिरी वने आणि त्यांतून निर्भयपणे विहरणारे मासे पाहून ते थक्क झाले. आकाशाने नाकारलेल्या त्या तरुणाला समुद्राने आपलेसे केले.

परंतु छातीत भरून घेतलेला श्वास किती पुरणार? कूस्तो यांनी प्रथम शुद्ध प्राणवायूवर चालणारे उपकरण वापरून पाहिले. सुमारे १४ मीटर खोलीवर त्यांना एकाएकी जबर झटके येऊ लागले. कमरेचे वजन कसेबसे सोडून दिल्यामुळेच ते वर आले. उपकरणात सुधारणा करून त्यांनी पुन्हा बुडी मारली, तेव्हाही तेच घडले. वाढत्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू माणसाला विषासारखा बाधतो, हे त्यांना स्वतःच्या जिवावर बेतले तेव्हा कळले.

यावर उपाय म्हणजे साधी हवाच बरोबर नेणे. तसे प्रयत्न इतरांनीही केले होते. पण त्यांत हवा सारखी वाहून वाया जाई. दर १० मीटर खोलीगणिक पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. म्हणून श्वास घेताच, लागेल तेवढीच आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा देणारी झडप हवी होती. १९४२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये कूस्तो यांची गाठ एमिल गान्याँ या अभियंत्याशी पडली. महायुद्धामुळे फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले होते. मोटारी वायूवर चालाव्यात म्हणून गान्याँ यांनी एक झडप तयार केली होती. तिच्यातच फेरफार करून दोघांनी नवे उपकरण बनविले.

मार्न नदीत पहिली परीक्षा झाली. आडवे पोहताना श्वास सुरळीत चाले. पण उभे राहताच हवा भसाभस वाया जाई, आणि डोके खाली करताच श्वास घेणे कठीण होई. कूस्तो निराश होऊन परतले. मग विचार करता करता दोघांना चूक उमगली. हवा आत येण्याची आणि उच्छ्वास बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर होती; त्यामुळे दोन्ही ठिकाणी पाण्याचा दाब निरनिराळा पडे. त्यांनी दोन्ही जागा अगदी जवळ आणल्या.

१९४३ च्या जून महिन्यात बाँदोल गावाजवळच्या किनाऱ्यावर कूस्तो यांनी तीन नळकांडी पाठीवर बांधली. त्यांच्या पत्नी सिमोन पाण्याच्या पृष्ठभागावर पोहत त्यांच्यावर लक्ष ठेवीत होत्या. प्रसंग ओढवलाच तर धावून जाण्यासाठी मित्र फ्रेदेरिक द्युमा तीरावर सज्ज होते. कूस्तो खाली उतरले. त्यांनी श्वास घेतला; हवा आली. ते आडवे झाले, उभे राहिले, त्यांनी कोलांट्या उड्या घेतल्या, डोके खाली आणि पाय वरही केले. श्वास कोठेच अडला नाही! सुमारे १८ मीटर खोलीवरील एका गुहेतून त्यांनी काही शेवंडे पकडून सिमोन यांच्या हाती दिले. युद्धामुळे अन्नाची टंचाई असल्याने त्या दिवशी मोठी मेजवानीच झाली.

हेच उपकरण पुढे ॲक्वालंग, म्हणजे जलफुप्फुस, या नावाने जगभर पसरले. तरी समुद्राने आपली किंमत वसूल केलीच. १९४७ मध्ये खोल बुडी मारण्याच्या एका प्रयत्नात त्यांचे सहकारी मोरिस फार्ग मरण पावले.

१९५० मध्ये कूस्तो यांना कॅलिप्सो ही नौका मिळाली. तिच्यावरून त्यांनी अनेक समुद्र धुंडाळले. १९५६ च्या त्यांच्या चित्रपटाने घरबसल्या लोकांना सागरतळ दाखविला. पण त्याच चित्रपटात शार्क मासे मारल्याची आणि सुरुंग लावून प्रवाळांतले मासे मारल्याचीही दृश्ये आहेत. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्यालाच आपण इजा करतो आहोत, ही जाणीव त्यांच्या ठायी हळूहळू वाढत गेली. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याचा बेत झाला, तेव्हा त्यांनी त्याला कसून विरोध केला. उरलेले आयुष्य त्यांनी समुद्राच्या रक्षणासाठी वेचले. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्या कोकणात मालवणजवळ पाठीवर नळकांडे बांधून कोणी प्रथमच समुद्रात उतरतो, तेव्हा त्याला श्वास देणारी झडप त्याच तत्त्वावर चालते. त्या पहिल्या श्वासामागे एक मोडलेले स्वप्न, अनेक फसलेले प्रयत्न आणि चूक शोधून काढण्याची चिकाटी उभी आहे.