मातीतलं पाणी मोजणारा माणूस : कार्ल टर्झागी

सिव्हिलच्या मुलांना कार्ल टर्झागी हे नाव बेअरिंग कपॅसिटीच्या सूत्रामुळे माहीत असतं, तेही बहुतेक परीक्षेच्या आदल्या रात्री. बाकीच्या ब्रँचना तर तेवढंही नाही. गंमत म्हणजे हा माणूस मूळचा मेकॅनिकलचा! त्याची गोष्ट सगळ्यांनीच वाचावी असं मला वाटतं, कारण ती शेवटी माणसांच्या जिवाशी येऊन थांबते.

टर्झागीचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्रागमधला. वडील लष्करात होते, ते लवकर गेले. शिक्षण लष्करी शाळांत झालं. पुढे ऑस्ट्रियात ग्राझला इंजिनिअरिंगला गेला आणि तिथे इतक्या उनाडक्या केल्या की कॉलेजातून काढून टाकायची वेळ आली. एका प्राध्यापकाने बाजू घेतली म्हणून वाचला. १९०४ साली डिग्री मिळाली, पण मन रमलं ते भूगर्भशास्त्रात.

नोकरीत त्याने पाहिलं की पोलादाचा पूल बांधताना इंजिनिअर पै-पैचा हिशेब करतो, पण पायाखालच्या मातीबद्दल नुसता अंदाज बांधतो. १९१२ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि धरणांच्या कामांवरून ढीगभर माहिती गोळा केली. हाती फारसं काही लागलं नाही. मातीला नाव देऊन भागत नाही, तिचे गुण मोजायला हवेत, एवढं मात्र कळलं.

ते मोजमाप त्याने केलं इस्तंबूलमध्ये. १९१६ पासून तो तिथे शिकवत होता. पहिल्या महायुद्धानंतर पैसा नव्हता, लॅब नव्हती. सिगारचे रिकामे डबे आणि भंगार जमवून त्याने उपकरणं बनवली. त्यातून जे निघालं ते सोपं आहे. ओल्या मातीवरचं वजन थोडं कण पेलतात, थोडं कणांमधलं पाणी पेलतं. माती उभी राहते ती फक्त कणांच्या एकमेकांवरच्या दाबामुळे. पाण्याचा दाब वाढला की कणांची पकड सुटते. १९२५ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि सॉईल मेकॅनिक्स हा विषय उभा राहिला.

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळ्यात घाटात दरडी येतात, त्यामागे पुष्कळदा हेच पाणी असतं. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली, तीही मुसळधार पावसानंतरच.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्यावर टर्झागी हार्वर्डला गेला. धरणांवर सल्लागार म्हणून काम करताना तो डिझाइनला शेवटचा शब्द मानत नसे. धरणात उपकरणं बसवा, पाण्याचा दाब आणि खचणं मोजत राहा, आकडे बिघडले तर डिझाइन बदला, ही त्याची रीत. २५ ऑक्टोबर १९६३ ला तो गेला. ज्या कॅनडातल्या धरणाखालच्या चिकणमातीशी तो शेवटी झगडला, त्याला १९६५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं.

त्याच १९६५ च्या मार्चमध्ये चिलीत भूकंप झाला आणि एल कोब्रे या तांब्याच्या खाणीचे गाळाचे बांध फुटले. दोनशेहून जास्त माणसं चिखलाखाली गेली.

हा गाळ म्हणजे टेलिंग्ज. गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. तिथल्या खनिजात तांबं साधारण एक टक्का. दगड पिठासारखा दळायचा, तांबं असलेला थोडा भाग काढून घ्यायचा आणि उरलेला जवळजवळ सगळा दगड पाण्यासकट बांधामागे सोडायचा. जगभर असंच चालतं. पाण्याचं धरण बहुधा एकदाच बांधून होतं, गाळाचा बांध खाण चालेल तसा वाढत जातो, कधीकधी आधीच्या ओल्या गाळावरच. टर्झागीचं गणित इथे जिवावर बेततं. सैल गाळाला धक्का बसला की वजन पाण्यावर येतं आणि घट्ट दिसणारी जमीन वाहायला लागते.

धक्का बसायलाच हवा असंही नाही. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्यो इथल्या लोखंडाच्या खाणीचा बांध भूकंपाशिवाय कोसळला, २७० माणसं गेली. त्यात नवा गाळ टाकणं आधीच बंद झालेलं होतं आणि बांध स्थिर असल्याचा दाखलाही होता! त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंग्जसाठी जागतिक मानक आलं. त्यात टर्झागीची मोजत राहण्याची रीत आहे. पण जो बांध इशारा न देता अचानक कोसळू शकतो, तिथे नुसत्या मोजण्यावर विसंबू नका, बांधच भक्कम करा, असाही त्याचा रोख आहे. खाण बंद झाली तरी बांधाची जबाबदारी संपत नाही.

आपल्यातले काही जण उद्या धरणावर किंवा खाणीवर नोकरीला लागतील. समोर कुणीतरी दाखल्याची फाईल ठेवेल आणि सही मागेल. तेव्हा पिझोमीटरचं आजचं रीडिंग किती, एवढं विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच ठेवायचं.