विश्लेषण : हॅटी मॅकडॅनियल यांचे ऑस्कर कुठे गेले?

‘गॉन विथ द विंड’मधील दासी मॅमीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना २९ फेब्रुवारी १९४० रोजी ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. पण सोहळ्याच्या अँबॅसडर हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्माते सेल्झनिक यांनी शब्द टाकला म्हणून प्रवेश मिळाला, तोही सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर! गुलामगिरी भोगलेल्या आईवडिलांच्या या मुलीने छोट्याशा भाषणात आपल्या वंशाची आणि चित्रसृष्टीची मान उंचावत राहण्याची आशा तेवढी व्यक्त केली. त्या वर्णभेदाचा उल्लेखही त्यात नव्हता. पुढेही वाट्याला मोलकरणीच आल्या. त्यावरून कृष्णवर्णीयांनीच टीका केली. १९५२ मध्ये निधनानंतर हॉलिवूड स्मशानभूमीने जागा नाकारली. हॉवर्ड विद्यापीठाकडे गेलेला त्यांचा पुरस्कार गहाळ झाला. अकादमीने त्याऐवजी दुसरा दिला, २०२३ मध्ये.