सरोवराचे अभ्यासक फॉरेल

शास्त्रज्ञास मोठे शोध लावावयाचे तर त्यानें दूरदेशीं प्रवास केलाच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. हा समज बरोबर नाहीं, हें फ्रान्स्वा आल्फोन्स फॉरेल यांच्या चरित्रावरून दिसून येतें.

फॉरेल यांचा जन्म १८४१ सालीं स्वित्झर्लंडांतील मॉर्ज या गांवीं, जिनीव्हा सरोवराच्या कांठीं झाला. वैद्यकाचें शिक्षण संपवून ते लोझान येथें अध्यापक झाले व १८९५ पर्यंत शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकवीत राहिले. त्यांचें मन मात्र सरोवरांत गुंतलें होतें.

वादळ नसतांही सरोवराचें पाणी कांठाशीं हळूहळू चढतें व उतरतें, हें तेथील लोकांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यास ते सेश म्हणत. फॉरेल यांनीं मॉर्जच्या बंदरांत चिकाटीनें वेळा मोजल्या व टिपून ठेविल्या. वाऱ्यानें किंवा हवेचा दाब बदलल्यानें, परातींतील पाण्याप्रमाणें सबंध सरोवरच लांबीच्या दिशेनें हेलकावतें व एका पूर्ण हेलकाव्यास सुमारें ७३ मिनिटें लागतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. लोकांचा तो साधा शब्द आज शास्त्रग्रंथांत रूढ आहे.

सरोवराच्या खोल, काळोख्या तळाशीं जीव नसावेत असें त्या काळीं बहुतेकांस वाटे. १८६९ सालीं दुसऱ्याच एका कामासाठीं काढलेला तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असतां फॉरेल यांस त्यांत एक बारीक कृमि वळवळतांना दिसला. हातचें काम निराळें म्हणून त्यांनीं तिकडे दुर्लक्ष केलें नाहीं. पुढें पुष्कळ शोध करून त्या तळाशीं नानाविध जीवांची वस्ती आहे, हें त्यांनीं सिद्ध केलें. ऱ्होन नदीचें थंड व गढूळ पाणी जड असल्यामुळें सरोवराच्या तळाशीं जाऊन वाहतें, हेंही त्यांनीं समजावून सांगितलें. पाण्याचा रंग ताडून पाहण्यासाठीं त्यांनीं निळ्या-पिवळ्या द्रावणांच्या नळ्यांची एक माला तयार केली. व्हिल्हेल्म उले यांनीं वाढविलेली ती माला आजही उपयोगांत आहे.

या सर्व अभ्यासाचा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १८९२ पासून प्रसिद्ध होऊं लागला. सरोवरांच्या शास्त्रास लिम्नॉलॉजी हें नांव त्यांनींच दिलें. १९१२ सालीं, जन्मगांवीं मॉर्ज येथेंच, त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही गांवाजवळ नदी, तळें, निदान एखादी विहीर असेलच. तिचें पाणी कधीं चढतें, कधीं हिरवें होतें, तिच्यांत कोणते जीव राहतात, हें वर्षभर पाहून वहींत टिपून ठेवा. आणि मूल अशा गोष्टी विचारूं लागलें तर पालकांनीं त्यास गप्प बसवूं नये, एवढीच आमची विनंती आहे.