मॉडेलवेडा जेम्स वॉट

वॉट म्हटलं की आपल्याला बल्बवरचा आकडाच आठवतो. हा जेम्स वॉट 1736 साली स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला जन्मला आणि वडिलांच्या वर्कशॉपमध्ये छोटी मॉडेल्स करत वाढला. 1763 मध्ये ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं, पण थोडं चालून वाफेअभावी बंद पडायचं. खेळणंच ते, म्हणून त्याने सोडलं नाही. लहान सिलिंडरला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. दर फेरीला तो गार करून पुन्हा तापवण्यातच वाफ वाया जायची! त्यातून 1765 मध्ये वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली. तीही त्याने आधी पितळी पिचकारी वापरून तपासली. म्हातारपणी, 1819 मध्ये जाईपर्यंत, तो घराच्या माळ्यावरच्या वर्कशॉपमध्येच रमला. तेव्हा प्रोजेक्टचं मॉडेल बंद पडलं तर लगेच अडगळीत टाकू नका, आधी कारण शोधा.