मुष्टियोद्धा पीटर जॅक्सन

अंगांत बळ असलेलीं माणसें जगांत पुष्कळ आढळतात. परंतु त्या बळास विवेकाचा लगाम घालणारीं थोडीं. अशा थोडक्यांपैकीं पीटर जॅक्सन हा एक होता. मुष्टियुद्धाच्या इतिहासांत त्याचें नांव मोठ्या आदरानें घेतलें जातें. तथापि जगज्जेतेपद मात्र त्यास कधींच लाभलें नाहीं. असें कां झालें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे.

पीटरचा जन्म 1860-61 च्या सुमारास वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावर झाला. हें बेट त्या वेळीं डेन्मार्कच्या ताब्यांत होतें व तेथील गुलामगिरी 1848 सालींच बंद झाली होती. तरुणपणीं खलाशी होऊन तो ऑस्ट्रेलियांत सिडनी बंदरास आला आणि तेथेंच राहिला. लॅरी फोली नांवाच्या नामांकित वस्तादानें त्याचे गुण हेरले व त्यास शागीर्द केलें. 1884 सालीं बिल फार्नन यानें त्यास तिसऱ्याच फेरींत पाडलें. परंतु पराभवानें तो खचला नाहीं. दोनच वर्षांनीं, 1886 च्या सप्टेंबरांत, टॉम लीस याशीं तीस फेऱ्या लढून तो ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला.

1888 सालीं तो अमेरिकेस गेला. तेथें जॉर्ज गॉडफ्रे व जो मॅकऑलिफ या बलाढ्य वीरांस त्यानें एकाच वर्षांत नमविलें. आतां उरला होता जगज्जेता जॉन सुलिव्हन. परंतु काळ्या माणसाशीं आपण लढणार नाहीं, असें सुलिव्हननें ठरवून टाकलें होतें. ज्या दारावर जॅक्सननें इतकीं वर्षें थाप मारली, तें दार त्याच्या कातडीचा रंग पाहून बंद राहिलें.

1891 च्या मे महिन्याच्या 21 तारखेस सॅन फ्रॅन्सिस्को येथें जेम्स कॉर्बेट याच्याशीं त्याचा सामना झाला. तीन तीन मिनिटांच्या एकसष्ट फेऱ्या झाल्या. चार तास लोटले. दोघांसहि हात उचलवेनात. शेवटीं पंचांनीं निकाल न देतांच सामना थांबविला. पुढच्याच वर्षीं ह्या कॉर्बेटनें सुलिव्हनचा पराभव करून जगज्जेतेपद मिळविलें. मात्र जॅक्सनशीं त्याची पुन्हा गांठ पडली नाहीं. वाटाघाटी झाल्या, स्थळाविषयीं वाद झाले आणि सर्व तेथेंच राहिलें. कॉर्बेटनें पुढें आत्मचरित्रांत जॅक्सनच्या श्रेष्ठत्वाची मोकळ्या मनानें कबुली दिली. पण तोंवर जॅक्सन हयात नव्हता.

त्याच्या स्वभावाची खरी ओळख 30 मे 1892 रोजीं लंडनमध्यें पटली. नॅशनल स्पोर्टिंग क्लबांत फ्रँक स्लॅव्हिन याशीं त्याची लढत होती. दहाव्या फेरींत स्लॅव्हिन पुरता हतबल झाला, पण कोसळेना. तेव्हां जॅक्सननें हात आवरून पंचांकडे पाहिलें. अशा माणसास आणखी मारावें काय, असा प्रश्न त्याच्या मुद्रेवर होता, असें पाहणारे सांगत. लढत चालू ठेवण्याचा हुकूम झाला, तेव्हां त्यानें शक्य तितक्या हलक्या हातानें ती संपविली. त्या रात्रीं त्याच्या ठोशांहून त्याच्या थांबण्याचीच कीर्ति अधिक झाली.

त्यानंतर सामने मिळेनात. पोटासाठीं त्यानें रंगभूमीवर ‘अंकल टॉम्स केबिन’ या नाटकांत टॉमची भूमिका केली. दारूचें व्यसन जडलें, प्रकृति ढासळली. जवळजवळ सहा वर्षांनीं, 1898 सालीं, तो तरुण जेफ्रीजसमोर उभा राहिला व तिसऱ्याच फेरींत हरला. पुढें क्षयानें ग्रासलेला जॅक्सन ऑस्ट्रेलियांत परतला आणि 13 जुलै 1901 रोजीं क्वीन्सलँडमधील रोमा गांवीं मरण पावला. ब्रिस्बेनच्या टूवाँग स्मशानभूमींत त्यास पुरलें. तेथें लोकांनीं वर्गणी करून त्याचें स्मारक उभारलें.

1907 सालीं जॅक जॉन्सन नांवाचा एक काळा मुष्टियोद्धा त्या थडग्याच्या दर्शनास आला. पुढच्याच वर्षीं, 26 डिसेंबर 1908 रोजीं, ह्याच जॉन्सननें जगज्जेतेपद जिंकलें; आणि तेंहि सिडनी शहरांत, जेथें जॅक्सननें आपली विद्या संपादन केली होती.

जॅक्सनला न्याय मिळाला नाहीं, ही गोष्ट खरी. व्यसनानें त्याचें नुकसान केलें, हेंहि खरें. तथापि अन्याय सोसूनहि हातीं सांपडलेल्या दुबळ्यावर त्यानें आपला राग काढला नाहीं. मुलांनो, क्रीडांगणावर उतरतांना एवढें ध्यानांत असूं द्या. जिंकणें नेहमींच आपल्या हातीं नसतें. उचललेला हात आवरणें मात्र असतें.