कर्मवीर भाऊराव पाटील आणि रयतेचे महाविद्यालय

कुंभोज हे नाव उच्चारताच दक्षिण महाराष्ट्रातील श्रावकांच्या डोळ्यांसमोर बाहुबलीचा डोंगर उभा राहतो. याच कुंभोजात २२ सप्टेंबर १८८७ रोजी पायगोंडा व गंगाबाई पाटील या दिगंबर जैन दांपत्याच्या पोटी भाऊरावांचा जन्म झाला. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने गावे बदलत राहिली आणि पुढे भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात दाखल झाले.

या वसतिगृहातील एक प्रसंग आपल्या समाजाने विसरू नये असा आहे. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले आणि परतल्यावर त्यांनी विटाळाचे स्नान करण्यास नकार दिला. शिस्तभंग झाला म्हणून त्यांना वसतिगृह सोडावे लागले. तेथील सूत्रे त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे स्वतः एम. ए. झालेले, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे संस्थापक आणि समाजाच्या शिक्षणासाठी झटणारे गृहस्थ होते. तरीही हे घडले. भाऊरावांना पुढे राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला, परंतु मॅट्रिकची परीक्षा काही ते उत्तीर्ण झाले नाहीत.

सन १९१४ मध्ये कोल्हापुरात राजपुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ज्यांनी आपल्याला वसतिगृहाबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध चार शब्द बोलणे सोपे होते. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे साफ नाकारले आणि तुरुंगातील छळ सोसला. सत्याणुव्रताची चर्चा पाठशाळेत पुष्कळ होते, पण त्याचे इतके रोखठोक उदाहरण विरळाच.

त्यानंतर साताऱ्यात शिकवण्या घेऊन ते मास्तर पाटील म्हणून ओळखले जाऊ लागले. ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत त्यांनी खेडी पालथी घातली. पुढील कार्याची बीजे या भटकंतीत पडली असावीत. लोखंडी नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या घरात दाणा किती आणि अक्षर किती, हे दोन्ही दिसत असे. दुधगाव येथील विद्यार्थी आश्रमाच्या उभारणीत त्यांचा वाटा होताच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली व सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुष्टिफंडाचे धान्य अपुरे पडू लागले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, अखेरीस मंगळसूत्रही. एका कर्मठ जैन घरातील या स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. रयतेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला आलेली पाने थोडी आहेत, त्यांचा भार मात्र मोठा होता.

प्राथमिक शाळा, अध्यापक विद्यालय आणि १९४० मधील महाराजा सयाजीराव हायस्कूल हा विस्तार सर्वपरिचित आहे. त्यामानाने भाऊरावांच्या महाविद्यालयीन कार्याची चर्चा कमी होते. वास्तविक त्यांची दृष्टी तेथेच अधिक धाडसी दिसते. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला तो १९४८ मध्ये. उच्च शिक्षण खेड्यापर्यंत कसे न्यावे, याचा विचार त्या आयोगाने ग्रामीण विद्यापीठांच्या रूपाने मांडण्यापूर्वीच भाऊरावांनी खेड्यातील मुलगा पदवीच्या वर्गात आणून बसविला होता.

येथे कमवा आणि शिका या योजनेचे वेगळेपण नीट लक्षात घ्यावयास हवे. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी येथे काढलेल्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थी स्वतः विटा भाजून इमारती उभारीत. परंतु तेथे भर होता तो हस्तव्यवसायांवर, आणि म्हणूनच डू बॉइस यांच्यासारख्या विचारवंतांनी उच्च विद्येकडे दुर्लक्ष होत असल्याची टीका केली. गांधीजींच्या नयी तालीममध्ये श्रम हे शिकण्याचे माध्यम होते. भाऊरावांच्या महाविद्यालयात श्रम ही विद्यार्थ्याची फी होती. शेतात राबून, दगडमाती वाहून, भटारखान्यात काम करून जो वर्गात बसे तो तेच इंग्रजी आणि तेच गणित शिके, जे पुण्या-मुंबईच्या सधन घरातील मुलगा शिकत होता. गरिबाला गरिबाजोगे शिक्षण, ही तडजोड त्यांनी मान्य केली नाही.

ही वाट निर्विघ्न नव्हती. १९४८ मध्ये भाऊरावांच्या भाषणावरून सरकारचा रोष ओढवला आणि संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो शाळांच्या शिक्षकांचे पगार अडले. लोकांनी पायलीपायलीने धान्य आणून दिले, संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले. पाठोपाठ साताऱ्यात आझाद अध्यापक महाविद्यालय सुरू झाले. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्यांना मॅट्रिक साधले नव्हते, त्यांच्या विद्यार्थ्याच्या स्वाक्षरीने पदव्या दिल्या गेल्या.

सोलापूर जिल्ह्यातील दानशूर जैन घराण्यांनीही वालचंद महाविद्यालयासारख्या संस्था उभ्या केल्या, त्यांचा अभिमान योग्यच आहे. भाऊरावांपाशी मात्र पेढी नव्हती आणि गिरणीही नव्हती. सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखातील शेतकऱ्यापाशी जे होते तेवढेच, म्हणजे दोन हात, त्यांनी भांडवल म्हणून मोजले. सांगोल्याच्या मुलांना २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत पदवी मिळत असे ती शिवाजी विद्यापीठाचीच, आणि शेजारच्या पंढरपुरातील रयतेच्या महाविद्यालयास कर्मवीरांचेच नाव आहे.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने ५ एप्रिल रोजी सन्माननीय डी. लिट. अर्पण केली. त्यानंतर जेमतेम महिनाभराने, ९ मे १९५९ रोजी, त्यांचे देहावसान झाले. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना पुढे त्यांच्याच नावाने चालू लागली. १९४७ मध्ये सुरू झालेले शिवाजी महाविद्यालय आणि साताऱ्यातील आणखी दोन महाविद्यालये यांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले.